देवक बसेपर्यंत

मुलीच्या लग्नाची तारीख ठरली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, पारा पाहिला आणि मला विचारले, "घरात काही कार्य आहे का?" मी हो म्हणताच त्यांनी मान हलवली. अनुभवी माणूस. मीठ कमी, रोज पाऊण तास चालणे, रात्री दहाला अंथरूण आणि सकाळी एक गोळी, असे लग्न मुलीचे आणि पथ्य माझे सुरू झाले.

व्याही खानदेशातले. त्यांच्याकडील वडीलधाऱ्यांनी एकच अट घातली होती : सिंहस्थ लागायच्या आत कार्य उरकावे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सिंहस्थाचा ध्वज चढणार, त्यापूर्वीचा मार्गशीर्ष धरला. मला घाईचे काही वाटले नाही. झोप उडाली ती दुसऱ्याच कारणाने. हे जाऊन सहा वर्षे झाली. बोहल्यावर बसून मुलीचा हात कोणी द्यायचा, हा प्रश्न माझ्या समोर कोणी काढला नाही, पण माझ्या पाठीमागे तो सुटलाही होता. "भाऊजी आणि जाऊबाई बसतील," असे मला एक दिवस चहाच्या कपाबरोबर सांगण्यात आले. मी मान डोलावली आणि त्या रात्री अडीच वाजेपर्यंत छताकडे पाहत पडले. वाटत होते, मी बसायचे म्हटले तरी ऐनवेळी चक्कर येऊन पडले तर? आणि वाटत होते, न बसता कोपऱ्यात उभी राहिले तर अधिकच पडेन.

श्रावणात आठ दिवस त्र्यंबकला मामांकडे गेले. मामा पंच्याऐंशीचे, पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्ये. त्यांच्या माळ्यावर नामावळीच्या वह्यांचे गठ्ठे आहेत, लाल फडक्यांत बांधलेले. कोणत्या गावचे, कोणत्या कुळाचे, कोण कोणाबरोबर केव्हा आले, याची नोंद यजमानाच्या स्वतःच्या अक्षरात. कोणी मोडीत, कोणी बाळबोध, कोणी नुसता अंगठा. आमच्या घराण्याची वही मी मांडीवर घेतली ती केवळ वेळ घालवायला. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, हात आपोआप पेन्सिलीकडे गेला आणि वये मांडू लागले.

पणजी मुलगी-जावयांसह आली तेव्हा किती वर्षांची असावी? हिशेब सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे जाईना. मला आधी खोटेच वाटले. मग आठवले की येथून फार दूर नसलेल्या जलालपुरात १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न १८८० साली झाले होते, आणि त्यात त्या काळी कोणाला नवल वाटले नव्हते. मुलगी दहा-बाराची, तर आई पंचवीस-तिशीची. शारदा कायदा १९२९ साली झाला, १९३० च्या १ एप्रिलपासून लागू झाला, तरी त्याने मुलीचे वय चौदापर्यंतच आणले. अठरा झाले ते १९७८ साली. म्हणजे 'लेकीच्या लग्नात आईची प्रकृती' ही चिंता, ज्या अर्थाने ती मला छळत होती त्या अर्थाने, पणजीला ठाऊकच नव्हती. तिचे गुडघे शाबूत होते. माझी मुलगी अठ्ठावीसची, मी छप्पन्नची. मधल्या शंभर वर्षांत आपण लेकींचे लग्न पुढे ढकलले (आणि फार चांगले केले), पण त्याबरोबर ते आईच्या पन्नाशीत, तिच्या रजोनिवृत्तीच्या घामात आणि अपुऱ्या झोपेत येऊन पडले, हे मात्र कोणी मोजले नाही.

पणजीला भीती होती ती निराळी. ती मरणाची. १९११ ते १९२१ या दशकात आपल्या देशातले सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. त्यात बालमृत्यू आले हे खरे, पण प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी तरण्याताठ्यांनाही सोडले नव्हते. आपण उद्या असू की नाही, म्हणून आजच हात पिवळे करून टाकायचे.

मामांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "अगं, म्हणून तर देवक."

मी देवक म्हणजे आंब्याची डहाळी आणि सुपातल्या सत्तावीस सुपाऱ्या एवढेच समजत होते. मामांनी समजावले ते असे. चाळीस माणसांच्या घरात कोणत्याही आठवड्यात कोणी ना कोणी जाणारच. सोयर असो, सुतक असो, ठरलेले लग्न मोडणार. यावर निबंधकारांनी तोड काढली. नांदीश्राद्ध होऊन देवक बसले की कर्त्याला त्या कार्यापुरते अशौच लागत नाही. आणि हे नांदीश्राद्ध अगदी आदल्या दिवशीच करायचे असेही नाही. विवाहात दहा दिवस आधीपर्यंत करता येते, मुंजीत सहा, जावळात तीन. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु १६१२ चा, पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यांचा धर्मसिंधु १७९० च्या सुमाराचा. दोघेही अशा प्रश्नांत जितके रमतात तितके वेदान्तात रमले असतील असे वाटत नाही. आईची अडचण आली तर काय, याचाही तेथे विचार आहे. दुसरा मुहूर्त पाहावा. नसेलच तर श्रीपूजनाची शांती करून कार्य पुढे न्यावे. आज मुलींच्या आत्या-मावश्या त्यासाठी औषधाच्या दुकानात गोळ्या मागतात. उपाय बदलला, लग्नघरातील बाईच्या शरीराने आपल्या तालावर चालावे ही अपेक्षा तीच.

मला या जुन्या लोकांचे कौतुक वाटले. त्यांनी धीर धरा असा उपदेश केला नाही. धीर धरता यावा अशी एक तारीख आखून दिली. देवक बसेपर्यंत काळजी करायची. मग नाही.

सकाळी मी चालायला जात असे. कुशावर्त, तेथून निवृत्तिनाथांची समाधी, आणि पाऊस थांबला तर गंगाद्वाराच्या पहिल्या शंभर पायऱ्या. ब्रह्मगिरी ढगात गेलेला असे. परतताना देवळाच्या काळ्या भिंतीशी टेकून दम खात असे. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला घेतले. पुरे झाले १७८६ साली. नानासाहेब १७६१ लाच गेले होते. काम त्यांच्या नातवाच्या, सवाई माधवरावांच्या अमदानीत संपले.

त्या नातवाचे लग्नही मला तेथेच आठवले. १० फेब्रुवारी १७८३, पुणे. नवरदेव नऊ वर्षांचासुद्धा नव्हता. नवरी थत्त्यांची रमाबाई. बाप नारायणराव मुलगा जन्मण्यापूर्वीच मारला गेलेला, आई गंगाबाई १७७७ साली गेलेली. आजी गोपिकाबाई शनिवारवाड्यापासून दूर, नाशिकजवळ गंगापुरास गोदेकाठी राहत होत्या. विश्वासराव, माधवराव, नारायणराव या तिन्ही मुलांची लग्ने झालेली पाहिली आणि तिघेही गेलेले पाहिले. नातवाने दिवस कसा घालवावा, कसे वागावे हे त्यांनी त्याला लिहून कळवले होते. पत्र प्रसिद्ध आहे. त्या बाईची झोप कशी असेल, याचा विचार माझ्या मनात शाळेत शिकवताना कधी आला नव्हता.

यजमानपणाचा सारा भार पडला तो नाना फडणिसांवर. नाना तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे, प्रकृतीने किरकोळ. छत्रपतींपासून निजामाच्या मुलापर्यंत पाहुणे. नानांनी काय केले? यादी केली. कोणाचे स्वागत कोणी करावे, पंक्ती कशा मांडाव्यात, वाढप कसे व्हावे, कोणत्या कामावर कोण, हे सारे कागदावर. नानांविषयी माझे मत एरवी फारसे बरे नाही, पण ज्याला रात्री झोप हवी त्याने काम डोक्यात न ठेवता कागदावर ठेवावे, ही गोष्ट त्यांना पुरती कळली होती. आमच्याकडे मात्र सगळी यादी माझ्या डोक्यात, आणि भर रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मंडपवाल्याचे फुलांचे फोटो.

सातव्या दिवशी धीर करून मामांना विचारले, "मामा, कन्यादान मी केले तर?"

मामा बराच वेळ गप्प होते. सोवळ्यातले माणूस; माझी आई विधवा झाल्यावर तिला हळदीकुंकवाला बोलावले नाही ते याच घराने. मग म्हणाले, "याज्ञवल्क्याने अधिकाराचा क्रम दिलाय. बाप, आजा, भाऊ, मग कुळातला पुरुष, आणि मग आई."

"म्हणजे शेवटी."

"शेवटी. पण आहे. नांदीश्राद्धाचा संकल्प तिने करायचा, बाकीचे ब्राह्मणाकडून, असे लिहिलेय." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "दीर आधी येतो हे खरे. पण त्याने आपण होऊन हक्क सोडला, तर मी पोथी काढून भांडायला येणार नाही."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या अवहेलनेच्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ च्या मे महिन्यात केला आणि त्याच महिन्यात शासनानेही तसे परिपत्रक काढले, हे मी मामांना सांगणार होते. सांगितले नाही. ते त्यांच्या वाटेने आले होते, तेवढे पुष्कळ होते.

"आणि उपास?" मी विचारले. "कन्यादान होईपर्यंत पोटात काही नाही, आणि माझी गोळी सकाळची."

यावर मामा हसले. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी आहेत : पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. "दुधाबरोबर गोळी घे, वर केळे खा. तीन झाली. ब्राह्मण मी सांगतोय, चार. डॉक्टरला गुरू मानलेस तर पाच."

नाशिकला परतल्यावर शाळेची जुनी कोरी वही काढली आणि नानांची नक्कल केली. डावीकडे काम, उजवीकडे नाव. छत्तीस ओळी झाल्या. त्यांत माझ्या नावापुढे तीनच ठेवल्या, आणि एकीत लिहिले 'सकाळी सातची गोळी', तीही माझ्या भाचीला आठवण करायला दिली. मग भाऊजींना फोन केला. पट्टा बांधलेला असता तर पारा कोठे गेला असता कोणास ठाऊक.

"भाऊजी, पाटावर मी बसणार आहे. तुमची परवानगी हवी. पाण्याची धार जाऊबाईंनी धरावी असे मनात आहे."

पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मागे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"वहिनी," ते म्हणाले, "मग मी काय करू?"

मी वही उघडली. "नववी ओळ. खानदेशची मंडळी पहाटेच्या गाडीने येताहेत. स्टेशनवर तुम्ही."