चार दिव्यांच्या आधीचा हिशेब

माझी उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, बॅटरीच्या खोलीत गेली. तिथे एकच प्रश्न असायचा, "ग्रॅव्हिटी किती?" ॲसिड किती जड आहे ते बघायला सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवायचा, १२५० च्या आसपास दिसलं की पुढचं बोलणं. त्यामुळे ॲरिझोनात लेकीकडे गेलो, तेव्हा जावयांच्या कॅम्पिंग ट्रेलरमधला पॅनल पाहून चक्रावलोच. बटण दाबलं की चार दिवे. चारही लागले तर बॅटरी भरलेली, एकच लागला तर उतरलेली. संपलं!

"बाबा, फर्नेस लागला की दोन दिसतात, बंद झाला की परत तीन," जावई म्हणाले. दिसणारच. ते दिवे फक्त व्होल्टेज बघतात. लोड आला की व्होल्टेज दबतं, चार्जर नुकताच काढलेला असला की उगाच चढं दिसतं. शिशाची बॅटरी काही तास नुसती ठेवली, तरच १२.६ ला भरलेली आणि १२.१ ला साधारण निम्मी असं म्हणता येतं.

आम्ही उतरलो होतो क्वार्ट्झसाइटला. तिथल्या ला पोसा नावाच्या सरकारी माळावर १९८३ पासून परवाना काढून हिवाळाभर राहता येतं, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. पाणी भरण्याची सोय आहे, वीज मात्र ज्याची त्याने आणायची. वाळवंटातली रात्र गारठ्याची. फर्नेस गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा सात-आठ अँपियर खातो. रात्रीचे सहा तास तो फिरला, तर शंभर अँपियर-अवरच्या बॅटरीतले चाळीस-पंचेचाळीस गेले. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे एका रात्रीत भांडवल संपलं.

हे सगळं नवं आहे असं ट्रेलरवाल्यांना वाटतं. मला वाटत नाही. याच देशात १९३५ साली दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज होती. बाकीच्यांपैकी ज्यांना परवडे ते डेल्को-लाइटचा प्लँट घेत. मोटारीचा सेल्फ-स्टार्टर काढणाऱ्या चार्ल्स केटरिंगचंच हे काम, १९१६ पासून बाजारात आलेलं: एक इंजिन, एक डायनामो आणि काचेच्या सोळा सेलची ३२ व्होल्टची बॅटरी. सेलमध्ये छोटे गोळे तरंगत. ॲसिड जड असेतो गोळे वर, बॅटरी उतरली की तळाला. शेतकऱ्याच्या बायकोलाही इस्त्री लावण्याआधी कळायचं की आज लावावी की नाही. आमच्या हायड्रोमीटरपेक्षा ही युक्ती मला जास्त आवडली.

त्याहून पुढची वस्तू म्हणजे अँपियर-अवर मीटर. इलिनॉयमधल्या सांगामो कंपनीचे असे मीटर १९१० च्या दशकात विजेवर चालणाऱ्या मोटारींत बसत. तबकडीवरचा काटा बॅटरीतून गेलेला करंट मोजत एका दिशेने सरके, चार्जिंगला उलटा फिरे. उलटा फिरताना तो मुद्दाम हळू चाले, कारण घातलेलं सगळंच्या सगळं बॅटरी परत देत नाही. शंभर वर्षांपूर्वी घट-तूटसुद्धा धरलेला हा जमाखर्च! विल्हेल्म प्यूकर्टने १८९७ मध्येच दाखवलं होतं की करंट जोरात ओढला तर बॅटरी एकूणही कमी देते.

मग खेड्यांत तारा पोचल्या, डेल्को-लाइट अडगळीत गेले, आणि ट्रेलर आले ते चार दिवे घेऊन. माझं स्पष्ट मत, ते दिवे शोरूममधल्या गिऱ्हाइकासाठी आहेत, माळावर राहणाऱ्यासाठी नाहीत. मोजण्याची सवय शिडाच्या बोटींवर राहणाऱ्यांनी पुन्हा आणली, आता इलेक्ट्रॉनिक मीटर वापरून. हल्लीच्या लिथियम बॅटरीला तर मोजण्यावाचून गत्यंतरच नाही. तिचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या थोडं वर अडून राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं.

ट्रेलर घेणार असाल तर सोलर पॅनलच्या आधी असा मीटर आणि त्याचा शंट, म्हणजे बॅटरीचा सगळा करंट ज्यातून जातो ती मोजपट्टी, घ्या. आणि तो लावल्यावर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला शंटशिवाय दुसरी एकही वायर ठेवू नका. तिथून परभारे जाणारा करंट मीटरला दिसत नाही.