दुसरी हार्ड डिस्क : एका बिऱ्हाडाची गोष्ट



गेल्या शनिवारी मावशीच्या माळ्यावरून एक जुना असेंबल्ड पीसी खाली उतरला. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ४० जीबीची एक सुटी हार्ड डिस्क. काका २००९ मध्ये गेले आणि त्यांचे बरेचसे फोटो त्या सुट्या डिस्कवर. घरात इंजिनियर भाचा असला की असलं काम कोणाच्या गळ्यात पडणार, हे सांगायला नको :)

पीसी चालू केला, विंडोज एक्सपी गुण्यागोविंदानं सुरू झालं. मग बंद करून सुटी डिस्क त्याच केबलच्या मधल्या कनेक्टरला जोडली. स्क्रीन काळी! डिस्क काढली की पीसी सुरू, जोडली की ठप्प. शेजारच्या एका जाणकारांनी सल्ला दिला, "डिस्क गेलीय रे, फॉरमॅट मारून बघ." नशीब, मारलं नाही. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. त्यांचं भांडण होतं ते फक्त जागेचं, आणि त्या भांडणाची मुळं चाळीस वर्षं मागे जातात.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. असल्या तर एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह. म्हणून ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीने घेतली आणि हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. दोन फ्लॉपींपैकी पहिली कोणती, हे ठरवायला आयबीएमने एक साधी युक्ती केली. केबलमधल्या ७ तारांना मध्येच एक पीळ दिला. पिळाच्या पलीकडची ए, अलीकडची बी. म्हणजे ड्राइव्हला स्वतःचं असं नाव नाही, कुठे बसलाय त्यावरून ओळख. ही सवय इथूनच लागली.

मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात सीगेटची एसटी-४१२ ही १० एमबीची हार्ड डिस्क होती (हो, एमबीच!). त्याच वेळच्या डॉस २.० ने डिस्कचे भाग पाडायची पद्धत आणली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट्स सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट्स चार पार्टिशन्सच्या तक्त्याला आणि शेवटचे २ सहीला. बायोसला विंडोज, लिनक्स काही कळत नाही. तो पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो आणि सूत्रं त्याच्या हाती देऊन मोकळा होतो.

आता खरा प्रश्न. पहिली डिस्क कोणती? बायोसच्या लेखी पहिली म्हणजे हेक्साडेसिमल ८० क्रमांकाची, दुसरी ८१ ची. बस्स. चाळीतला पोस्टमन पत्रावरचं नाव न वाचता फक्त खोली नंबर बघून पत्र टाकत असेल, तर काय होईल? जुनं बिऱ्हाड आहे तोवर सगळं सुरळीत. खोल्यांची अदलाबदल झाली, की मनीऑर्डर भलत्याच्याच दारात.

डॉसमध्ये हा घोळ अक्षरांपर्यंत पोचला. डॉस आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य, म्हणजे प्रायमरी पार्टिशनला अक्षर देत असे आणि मग उरलेल्या लॉजिकल पार्टिशन्सना. समजा एका डिस्कवर तुमची सी आणि डी आहे. तुम्ही प्रायमरी पार्टिशनवाली दुसरी डिस्क जोडली. डी कोण होणार? नवी डिस्क! तुमची जुनी डी सरकून ई होणार. आता नवी आलेली म्हणजे शेवटची, म्हणजे ई, असं समजून कोणी ई फॉरमॅट केली तर? वर्षांचं काम एका एंटरनिशी साफ. हुकूम पाळण्यात संगणकाची काहीच चूक नाही.

माझ्यासमोरची अडचण मात्र याच्याही आधीची होती. तिचं मूळ १९८६ च्या सुमाराचं. तोवर डिस्क चालवणारं कंट्रोलर कार्ड वेगळं असायचं. वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक यांनी तो कंट्रोलर डिस्कवरच बसवला, तेच आयडीई. स्वस्त आणि सुटसुटीत. पण एका केबलवर दोन डिस्क लावल्या, की एका तारेवर दोन कंट्रोलर आले. पूर्वी घरात लँडलाइनचं एक्स्टेन्शन असायचं ना, तसंच. एकाच तारेवर दोन फोन, बोलणं दोघांनाही ऐकू येणार. उत्तर कोणी द्यायचं, हे प्रत्येक आज्ञेबरोबर जाणारा एकच बिट ठरवतो, ० की १. आणि 'मी ० की १' हे डिस्कला कळतं कसं? मागच्या बाजूच्या इवल्याशा जंपरवरून.

त्यालाच आपण मास्टर आणि स्लेव्ह म्हणत आलो. नाव दिशाभूल करणारं आहे, कारण मास्टर स्लेव्हला काहीही हुकूम देत नाही. खुद्द एटीए मानकात 'डिव्हाइस ०' आणि 'डिव्हाइस १' असे शब्द आहेत. २००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या प्रशासनाने पुरवठादारांना मास्टर-स्लेव्ह ही लेबलं टाळायला सांगितलं, तेव्हा जगभर चर्चा झाली होती. तांत्रिकदृष्ट्याही ते शब्द चुकीचेच होते, हे त्या गदारोळात बाजूलाच राहिलं.

चालू होताना मात्र दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं. 'मी आहे' आणि 'माझी चाचणी नीट झाली' हे १ नंबरची डिस्क दोन वेगळ्या तारांवरून ० ला कळवते. ० तिच्यासाठी ३१ सेकंदांपर्यंत थांबू शकते. हे सगळं १९९४ मध्ये प्रमाणित झालं. त्याआधीच्या डिस्कमध्ये प्रत्येक कंपनीची आपापली समजूत. म्हणून दोन कंपन्यांच्या डिस्क एका केबलवर नांदतीलच असं नसे. आणि दोन्ही जंपर मास्टरवर असले, तर एका हाकेला दोघंही ओ देतात आणि बायोसला कोणाचंच धड ऐकू येत नाही.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. सुटी डिस्क तिच्या जुन्या घरात मास्टर होती आणि त्याच थाटात इथे आली. चिमट्याने जंपर एक घर सरकवला. पीसी सुरू. फोटो जागच्या जागी!

सन २००३ च्या सुमारास साटा आलं, एका केबलवर एकच डिस्क, आणि जंपरचं भांडण मिटलं. पण पहिली कोणती हा प्रश्न उरलाच. बूट क्रम बायोसच्या यादीत गेला, आणि नवी डिस्क लावल्यावर ती यादी कधीकधी आपोआप बदलायची. मग शहाणपण सुचलं, डिस्कला नावच द्या. विंडोजने मास्टर बूट रेकॉर्डमधली ४ बाइट्सची सही वापरली, लिनक्सने यूयूआयडी आणि यूईएफआयच्या जमान्यात जीपीटीने प्रत्येक पार्टिशनला १२८ बिटांची ओळख दिली. पोस्टमन अखेर नाव वाचू लागला.

संपला का प्रश्न? छे! आज आपण जुन्या डिस्कचा क्लोन एसएसडीवर करतो आणि दोन्ही तशाच जोडून ठेवतो. क्लोनमध्ये नावही हुबेहूब उतरतं. मग विंडोज सही जुळणारी एक डिस्क ऑफलाइन ठेवतं, आणि लिनक्स दोघींपैकी कोणती उचलेल याचा नेम नाही. दोन डिस्क असताना विंडोज इन्स्टॉल केलं तर बूटलोडर दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसू शकतो. ती डिस्क काढली की मशीन मुकं.

थोडक्यात काय, दुसरी डिस्क जोडल्यावर संगणक रुसला, तर डिस्क मेली असं लगेच समजू नका. आधी ती काढून बघा. मग जंपर, मग बूट क्रम. इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क सोडवून ठेवा. आणि फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी अक्षरावर विसंबू नका, डिस्कची साइज आणि सिरियल नंबर वाचा.

मावशीने रविवारी दिवसभर फोटो पाहिले. त्यांच्या दोन प्रती करून दिल्यात. असो. ती जुनी डिस्क पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली, फक्त या वेळी तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलीय, काकांच्या नावाची.