आतडं कापायचं की धुवायचं?

आमचा खंडाळा लोणावळ्याजवळचा नव्हे, खंबाटकी घाटाखालचा, सातारा जिल्ह्यातला. इथे ‘दुर्बिणीनं ऑपरेशन’ म्हटलं की लोक अपेंडिक्स नाहीतर पित्ताशयाचे खडे असंच धरून चालतात. मोठ्या आतड्यापर्यंत ही दुर्बीण कशी पोचली आणि तिथे कशी अडखळली, ते आज बघू.

महाराष्ट्रात ही वाट पाडली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी. १९७२ मध्ये त्यांनी दुर्बिणीतून पोटात बघायला सुरुवात केली, तेही निदानापुरतं. दुर्बिणीनं पित्ताशय काढलं ते १९९० मध्ये, देशात पहिल्यांदा. मला ती मधली १८ वर्षं जास्त मोलाची वाटतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून मोठ्या आतड्याचा भाग असाच काढल्याचे अहवाल आले.

डायव्हर्टिक्युलर आजारात आतड्याच्या भिंतीला बाहेरून छोटे फुगे येतात. एखादा फुटला की पोटात पू पसरतो, जिवावर बेततं. जुना उपाय हार्टमन यांचा, १९२१ चा, मुळात कर्करोगासाठी सुचवलेला: खराब भाग कापायचा आणि शौचाची वाट पोटावर पिशवीत काढायची. ती पिशवी पुढे काढता येते, पण अनेकांची राहूनच जाते.

१९९६ मध्ये आयर्लंडच्या डॉक्टरांनी कापलंच नाही. दुर्बीण घालून पोट धुतलं, आठही रुग्ण बरे झाले. २००८ मध्ये तिथूनच १०० रुग्णांचा अभ्यास आला. ९२ जणांचं धुण्यावर भागवलं, मृत्यू ३ टक्के. सगळे खूश! पण तुलनेला दुसरा गट होता कुठे?

मग चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्ण वाटून चाचण्या झाल्या. नेदरलँड्समधली ‘लोला’ ९० रुग्णांवरच थांबवावी लागली, कारण धुतलेल्या गटात गंभीर त्रास जास्त दिसला. ‘स्कॅनडिव्ह’मध्ये (२०१५) धुतलेल्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया जास्त कराव्या लागल्या. स्वीडन-डेन्मार्कच्या ‘डिलाला’त मात्र त्या कमी निघाल्या. दोन्ही पेपर एका बैठकीत वाचले तेव्हा मला वाटलं, आकडेच उलटे छापलेत.

चूक छपाईची नव्हती. पिशवी काढून आतडं परत जोडणं हीसुद्धा शस्त्रक्रियाच. ‘डिलाला’नं ती मोजली, ‘स्कॅनडिव्ह’नं तुलनेतून वगळली. शिवाय ‘डिलाला’नं वर्षभर पाहिलं, ‘स्कॅनडिव्ह’नं ९० दिवस.