गुडघे उभे करून उताणं निजण्याची कुळकथा

शरीर आतून अनुभवण्यावर भर देणाऱ्या सोमॅटिक नृत्याच्या वर्गाची सुरुवात बहुतेक वेळा जमिनीवरच होते. सगळे उताणे निजलेले, गुडघे उभे, तळपाय जमिनीला टेकलेले, हात छातीवर सैल ठेवलेले. शिक्षक मणक्याविषयी, खुब्याच्या सांध्याविषयी, बरगड्यांविषयी काहीबाही सुचवत राहतात आणि कुणीही हलत नाही. आपल्याकडच्या माणसाला चटकन शवासन आठवावं. पण या निजण्याचं घराणं वेगळं आहे आणि त्याची सुरुवात नाचातून झालेलीच नाही.

सुरुवात झाली एका जायबंदी पाठीतून. मेबल एल्सवर्थ टॉड ही १८८० साली जन्मलेली अमेरिकन बाई. पडल्यामुळे तिच्या पाठीला जबर इजा झाली आणि ती पुन्हा चालेल याची डॉक्टरांना खात्री वाटेना. तेव्हा तिने चालण्यावर विचार सुरू केला. वजन कुठल्या हाडावरून कुठल्या हाडावर उतरतं, पाय उचलला जातो तो नेमका कुठून, हे ती मनात पुन्हा पुन्हा पाहत गेली आणि चालू लागली. पुढे बॉस्टनच्या एमर्सन कॉलेजात आवाजाचा अभ्यास करताना तिच्या लक्षात आलं की आवाजाच्या तक्रारींमागे अनेकदा शरीराची ठेवणच असते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजात ती शिकवू लागली आणि १९३७ साली तिचं ‘द थिंकिंग बॉडी’ प्रसिद्ध झालं.

तो काळ छाती पुढे, खांदे मागे, पोट आत अशा शिस्तीचा. आपल्या शाळांतल्या ‘सावधान’मध्ये ती अजून टिकून आहे. टॉडने या शिस्तीलाच हात घातला. शरीर तोललं जातं ते हाडांच्या एकमेकांवरच्या मांडणीने. स्नायूंनी आवळून धरलेला ताठपणा श्वासही अडवतो आणि हालचालही. मला तिचं हे म्हणणं फार मोलाचं वाटतं, कारण वर्षानुवर्षं ‘ताठ उभी राहा’ ऐकलेल्या मुलींच्या पाठी कशा आखडतात, ते नाचाच्या कुठल्याही वर्गात दिसतं.

आता गुडघ्यांकडे येऊ, पण आधी त्यामागचा विचार पाहू. टॉडची विद्यार्थिनी लुलू स्वायगार्ड हिने गुरूची दृष्टी मोजपट्टीला लावून पाहिली. कल्पनेतल्या हालचालीने सांगाड्याची ठेवण मोजता येण्याइतकी बदलते का, हा तिचा प्रश्न होता. त्या कामातून तिने हालचालीच्या नऊ रेषा ठरवल्या. एक धडाच्या मध्य अक्षावरून वर जाते, एक ओटीपोटाच्या मागच्या बाजूने रुंदावते, एक अंगठ्यापासून टाचेकडे येते. शिकणाऱ्याने या रेषा फक्त मनात चालवायच्या. मुद्दाम कुठलाही स्नायू ताणायचा नाही. कारण ‘पाठ सरळ कर’ म्हटलं की आपण जुन्याच सवयीचे स्नायू आणखी जोराने वापरतो. हेतू स्पष्ट ठेवायचा आणि कोणत्या स्नायूने काय करायचं हे मज्जासंस्थेवर सोपवायचं, ही तिची पद्धत. या पद्धतीला आयडिओकायनेसिस हे नाव मिळालं.

यासाठी शरीराला उभं राहण्याच्या कामातून मोकळं करणं गरजेचं होतं. पाय लांब सोडून निजलं तर कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस हा खोल स्नायू, तो आखडलेला असेल तर, कंबर जमिनीपासून वर ओढतो. गुडघे उभे केले की तो सैलावतो आणि कंबर खाली विसावते. गुडघे बाहेर कलंडत असतील तर मांड्यांभोवती पट्टा बांधतात, म्हणजे पाय सावरायलाही कष्ट पडत नाहीत. या स्थितीला स्वायगार्डने कन्स्ट्रक्टिव्ह रेस्ट म्हटलं. आपलं शरीर म्हणजे कपड्यांचा रिकामा जोड आहे आणि त्यातली विजार गुडघ्यापाशी हँगरवर टांगली आहे, असं ती कल्पायला लावी.

१९५६ साली ती न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये नर्तकांना शिकवू लागली आणि हे निजणं नाचाच्या शिक्षणात आलं. त्याच इमारतीत आधुनिक नर्तक होझे लिमोन शिकवत होते. ताकदीने जमिनीवर पडून झेपावत उठणारी मुलं हिच्या वर्गात येऊन निश्चल पडत. १९७४ साली तिचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ती वारली. दुसरीकडे पोलिओच्या रुग्णांबरोबर काम केलेल्या इर्मगार्ड बार्टेनीफ यांनीही आपले मूलभूत व्यायाम निजूनच सुरू केले होते. थॉमस हॅना यांनी या सगळ्या पद्धतींना ‘सोमॅटिक्स’ हे एकत्र नाव दिलं ते १९७६ साली, टॉडच्या पुस्तकानंतर जवळपास चाळीस वर्षांनी.

स्वायगार्डची सहायक आयरीन डाऊड पुढे स्वतः जुलियार्डमध्ये शिकवू लागली. हाडं आणि स्नायूंच्या या अभ्यासातून तिने नर्तकांच्या तयारीसाठी छोट्या नृत्यरचनाच बांधल्या.