घरगुती ग्रंथसंग्रह

घरगुती ग्रंथसंग्रह म्हणजे एखाद्या व्यक्तीने किंवा कुटुंबाने वाचन, अभ्यास अथवा आवड यांसाठी घरात जमवलेली, लावलेली व सांभाळलेली पुस्तके, नियतकालिके आणि इतर मुद्रित साहित्य. सार्वजनिक ग्रंथालयांना 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७' लागू होतो. घरगुती संग्रह त्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याला अनुदान नसते आणि त्याची तपासणीही होत नाही. त्यामुळे त्याचे आयुष्य बहुधा मालकाच्या आयुष्याएवढेच ठरते. मात्र संग्रहाची नोंद झालेली असेल आणि त्याच्या वारशाची व्यवस्था वेळीच लावलेली असेल, तर असा संग्रह संस्थेचे रूप घेऊन टिकल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातही या दोन्ही बाजू दिसतात.

महाराष्ट्रातील परंपरा

मुद्रणकलेच्या आधी पोथ्या रुमालात बांधून फडताळात ठेवण्याची पद्धत होती. छापील पुस्तके सुलभ झाल्यावर मध्यमवर्गीय घरांत पुस्तकांचे कपाट आले. 'मनोरंजन' मासिकाचा १९०९ सालचा दिवाळी अंक हा मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. पुढे दिवाळी अंक जपून ठेवणे हा अनेक घरांतील संग्रहांचा भाग बनला.

काही व्यक्तिगत संग्रह संशोधनाची साधने ठरले. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आपला ग्रंथसंग्रह पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला दिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली निधन झाल्यावर त्यांचे दप्तर धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळाने जतन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधताना पुस्तकांच्या जागेचा मुख्यत्वे विचार केला होता. त्यांची अनेक पुस्तके पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आश्रय देण्यात आला. या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील जुन्या सिंधी कुटुंबांच्या पुस्तकांपुढे एक वेगळाच प्रश्न आहे. सिंधी भाषा भारतात अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. आजोबांची पुस्तके पहिल्या लिपीत असतात, तर इंग्रजी, हिंदी किंवा मराठी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना ती लिपी वाचता येतेच असे नाही. पुस्तक घरात सुस्थितीत असूनही घरातल्यांनाच ते मुके होते. अशा पुस्तकांचे शीर्षक, लेखक व विषय जाणत्या व्यक्तीकडून देवनागरीत लिहून घेणे हे त्यांच्या जतनाचे पहिले पाऊल ठरते.

अंबरनाथ ही कारखान्यांची, तर बदलापूर ही लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदारांची वस्ती म्हणून वाढली. बदलापूर येथील 'ग्रंथसखा' हे वाचनालय श्याम जोशी या शिक्षकाच्या पुस्तकप्रेमातून उभे राहिले. दुर्मीळ मराठी पुस्तके व जुनी नियतकालिके यांसाठी ते ओळखले जाते. घरगुती आस्थेचे सार्वजनिक संस्थेत रूपांतर झाल्याचे या परिसरातील हे ठळक उदाहरण होय.

संग्रहाची उभारणी

संग्रहाची व्याप्ती आधी ठरवल्यास निवड सोपी होते. एखादा लेखक, विषय, वाङ्मयप्रकार किंवा आपल्या गावाचा इतिहास असा गाभा ठरवतात आणि त्याभोवती शब्दकोश, विश्वकोश यांसारखी संदर्भसाधने ठेवतात. जुन्या मराठी पुस्तकांची ओळख पटवण्यासाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उपयोगी पडते. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. पुस्तके प्रकाशकांची विक्री, प्रदर्शने, जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि रद्दीची दुकाने येथून मिळतात. रद्दीतून आलेले पुस्तक कपाटात ठेवण्यापूर्वी काही दिवस वेगळे ठेवून कीड व बुरशी यांसाठी तपासतात.

मांडणी व वर्गीकरण

ग्रंथालयांत मेलविल ड्यूई यांची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश वर्गीकरण पद्धती मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ आणि सिंधी साहित्याला ८९१.४१ हे क्रमांक आहेत. काही शे पुस्तकांच्या घरगुती संग्रहाला एवढी सूक्ष्मता लागत नाही. कविता, कथा-कादंबरी, नाटक, चरित्र, इतिहास, विज्ञान, संदर्भ असे विभाग करून प्रत्येक विभागात लेखकाच्या आडनावानुसार वर्णानुक्रम लावणे पुरेसे होते.

मराठी संग्रहात टोपणनावांमुळे घोटाळा होतो. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, केशवकुमार आणि प्र. के. अत्रे या जोड्यांतील दोन्ही नावे एकाच लेखकाची आहेत. अशा वेळी एक नाव मुख्य धरून दुसऱ्या नावापुढे 'पाहा' अशी नोंद करतात. दिवाळी अंक आधी वर्षानुसार आणि मग नावानुसार लावतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र पुस्तके वापरासाठी असतात असे सांगते, तर चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. ज्या मांडणीत हवे ते पुस्तक लगेच सापडत नाही, ती कितीही देखणी असली तरी या कसोटीला उतरत नाही.

नोंदवही

नोंदवहीत अनुक्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, प्रकाशनवर्ष, विषय, फळी आणि पुस्तक कसे मिळाले (खरेदी, भेट की वारसा) हे रकाने असतात. उसने दिलेल्या पुस्तकांसाठी स्वतंत्र पान ठेवतात. भ्रमणध्वनीवरील उपयोजने पुस्तकाच्या मागील पट्टी वाचून माहिती भरतात. आयएसबीएन क्रमांकाची पद्धत १९७० नंतरची असल्याने जुन्या मराठी पुस्तकांची नोंद मात्र हातानेच करावी लागते. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शकवर्ष असते. त्यात ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९). उदाहरणार्थ, शके १८२० म्हणजे इ. स. १८९८-९९. अनुक्रमांक शाईने न लिहिता शीर्षकपानाच्या मागे पेन्सिलीने लिहितात.

जतन आणि पावसाळा

कोकणपट्टीतील पुस्तकांचा मुख्य शत्रू दमटपणा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा धोका वाढतो. म्हणून कपाट बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकवत नाहीत. भिंत व कपाट यांत काही बोटे अंतर सोडतात. फळीवर पुस्तके गच्च कोंबत नाहीत आणि पावसाळ्यात कोरड्या दिवशी कपाटे उघडून हवा खेळू देतात. जड पुस्तके खालच्या फळ्यांवर ठेवतात, पण सर्वांत खालची फळी जमिनीपासून उंच असते. कसर व झुरळे पुठ्ठ्याची खळ खातात, तर वाळवी भिंतीतून लाकडात आणि तिथून पुस्तकांत शिरते. नियमित झाडलोट आणि तपासणी हा त्यांवरील पहिला उपाय होय. कडुनिंबाचा पाला व वेखंड यांचा वापर परंपरेने होत आला आहे. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावणे टाळतात, कारण त्याचा गोंद कालांतराने पिवळा पडून कागदावर डाग सोडतो. कॅमेऱ्याने पाने टिपून ठेवणे हा जीर्ण पुस्तकांसाठी पूरक उपाय आहे.

उल्हास नदी बदलापूरजवळून, तर वालधुनी नदी अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांतून वाहते. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत या भागात पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांदरम्यान अडकली होती. म्हणून तळमजल्यावरील घरांत दुर्मीळ पुस्तके आणि नोंदवही वरच्या फळीवर ठेवणे श्रेयस्कर ठरते. भिजलेल्या पुस्तकांवर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. अशी पुस्तके कडक उन्हात न ठेवता सावलीत पंख्याखाली उभी करून, पानांमध्ये कोरा टीपकागद घालून वाळवतात. सर्वच पुस्तके लगेच वाळवणे शक्य नसेल, तर उरलेली पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास बुरशीची वाढ थांबते.

वारसा

पूर आणि वाळवी यांच्याइतकाच मोठा धोका मालकाच्या पश्चात येतो. लहान सदनिका, घर बदलणे आणि वारसांची वेगळी आवड यांमुळे आयुष्यभर जमवलेली पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत जातात. सार्वजनिक ग्रंथालयांकडेही जागा मर्यादित असते आणि तीच पुस्तके त्यांच्याकडे आधीच असू शकतात. त्यामुळे सरसकट देणगी नेहमी स्वीकारली जात नाही. यादी तयार असल्यास ग्रंथालयाला हवी ती पुस्तके निवडता येतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) या जवळच्या जुन्या संस्था होत. मालकाने हयातीतच दुर्मीळ पुस्तके वेगळी नोंदवून कोणती पुस्तके कोणाला द्यायची हे नोंदवहीत लिहून ठेवले, तर वारसांना संग्रहाचे मोल कळते आणि पुस्तके योग्य वाचकापर्यंत पोहोचू शकतात.