कुत्र्याला घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर कॅरव्हॅन सुट्टी: बुकिंगआधी काय माहीत हवं?

समुद्राकाठी उभी कॅरव्हॅन, दारात पाय पसरून बसलेला कुत्रा आणि मागे रिकामा पांढरा किनारा. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. यूकेत राहणाऱ्या आणि घरी कुत्रा असलेल्यांसाठी हा प्लॅन खरंच छान आहे. फक्त रील्समध्ये नियम सांगत नाहीत.

कॅरव्हॅन दोन प्रकारच्या असतात. टूरिंग कॅरव्हॅन कारमागे जोडून न्यायची. स्टॅटिक कॅरव्हॅन हॉलिडे पार्कमध्ये जागच्या जागी उभी असते. आत किचन, बेडरूम, बाथरूम, हीटर सगळं. पहिल्यांदा जात असाल तर स्टॅटिकच घ्या. हायलँड्सच्या किनाऱ्याकडचे बरेच रस्ते एका गाडीपुरतेच रुंद आहेत. समोरून कुणी आलं की ‘पासिंग प्लेस’ला थांबायचं, आणि कधी मागेही जावं लागतं. कॅरव्हॅन जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचा म्हणजे घाम फुटतो.

‘पेट-फ्रेंडली’ पार्क म्हणजे तिथल्या प्रत्येक कॅरव्हॅनमध्ये कुत्रा चालतो, असं नाही. बहुधा ठरावीक कॅरव्हॅनच त्यासाठी असतात. कुत्र्याचे वेगळे पैसे पडतात, किती कुत्रे आणायचे यावरही मर्यादा असते. त्याला आत एकटं ठेवून बाहेर गेलेलं चालेल का, हे आधी विचाराच. बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि मग रेस्टॉरंटपासून बोटीच्या फेरीपर्यंत सगळं त्याच्या सोयीने ठरवावं लागतं.

मोकळं फिरता येतं, पण मेंढ्यांपासून लांब

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक जमिनीवर, खासगी असली तरी, जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिलाय. कुत्रा नीट ताब्यात असेल तर तोही तुमच्यासोबत येऊ शकतो. मात्र हा हक्क पायी, सायकलवर किंवा घोड्यावर फिरणाऱ्यांसाठी आहे, गाड्यांसाठी नाही. म्हणजे वाटेल त्या किनाऱ्यावर कॅरव्हॅन लावून राहण्याचा हक्क यातून मिळत नाही.

खरी भीती मेंढ्यांची. किनाऱ्यालगतच्या कुरणांत त्या सर्रास चरत असतात. कुत्रा चावलाच पाहिजे असं नाही. तो नुसता मागे लागला तरी गाभण मेंढीचा गर्भपात होऊ शकतो. नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार अशा प्रकरणात मालकाला ४०,००० पौंडांपर्यंत दंड, १२ महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. काही परिस्थितीत शेतकऱ्याने अशा कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याच्या बाजूने असतो. ‘आमचा कुणाला काही करत नाही’ हे वाक्य इथे कामाचं नाही.

वसंतात कोकरं जन्मतात, तेव्हा त्या शेतांत कुत्रा नेऊच नका. एप्रिल ते जुलै जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, म्हणून किनाऱ्यावर आणि माळावर आखूड पट्टा लावा. गायी अंगावर आल्या तर मात्र उलटं करायचं: पट्टा सोडून द्या. कुत्रा पळून वाचतो, आणि गायींचा रोख बहुतेकदा त्याच्यावरच असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावर ‘मिज’ नावाच्या बारीक चावऱ्या माश्या जीव नकोसा करतात. मे किंवा सप्टेंबर बरा. गवतातून फिरून आल्यावर कुत्र्याच्या अंगावर गोचीड आहे का, तेही रोज बघा. त्यातून लाइम आजार होऊ शकतो, माणसालाही.

भारतातला कुत्रा नेता येईल?

येईल, पण आठवडाभराच्या सुट्टीसाठी हा खटाटोप परवडणारा नाही. मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने वाट बघायची. ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचं औषधही व्हेटकडूनच द्यावं लागतं. यातलं काही राहिलं तर कुत्र्याची सुट्टी क्वारंटाइनमध्ये जाऊ शकते, तीही चार महिन्यांपर्यंत.