मायलिनचा इतिहास आणि सुन्न झालेला हात

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने मज्जातंतूंवर काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. पण ‘आपल्याला जग कळतं ते कसं?’ हा आमचा जुना प्रश्न. नैयायिकांनी स्पर्शाला प्रत्यक्ष ज्ञानाचं एक द्वार मानलं. ते द्वार बंद झालं तर माणसाचं काय होतं, याचा इतिहास आपल्या विदर्भाच्या मातीत आहे. म्हणून हा विषय.

सुरुवात शब्दापासून करू. ‘मज्जातंतू’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण मज्जा म्हणजे हाडातला मगज. तिचा तंतूशी काय संबंध? गंमत अशी की युरोपातही असंच झालं. १८५४ साली रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने तंतूभोवतीच्या पांढुरक्या, स्निग्ध पदार्थाला ‘मायलिन’ नाव दिलं. ते नाव मज्जेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतलेलं आहे. म्हणजे नाव मज्जेचं आणि वस्तू आवरणाची. चेतातंतूवर मेदाचे पातळ थर गुंडाळलेले असतात, ते मायलिन.

त्याआधी शतकानुशतकं नस म्हणजे पोकळ नळी, तिच्यातून सूक्ष्म प्राणद्रव्य वाहतं, अशी समजूत होती. देकार्तनेही शरीराचं यंत्र मांडलं तेव्हा नसा नळ्यांसारख्याच कल्पिल्या. सूक्ष्मदर्शक चांगले झाल्यावर चित्र पालटलं. १८३९ साली थिओडोर श्वान याने तंतूंच्या कडेने असलेल्या पेशींचं वर्णन केलं. त्यांना आज ‘श्वान पेशी’ म्हणतात. (कुत्र्याशी काही संबंध नाही, बरं का! वर्गात हे नाव घेतलं की मुलं हसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.) १८७० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या लुई रांव्हिए याला दिसलं की हे आवरण सलग नाही. ठरावीक अंतराने त्यात खंड आहेत. याच काळात लाइपझिगचे पॉल फ्लेक्सिग बालकांच्या मेंदूंचा अभ्यास करत होते. मेंदूच्या सगळ्या भागांत मायलिन एकाच वेळी येत नाही, ते ठरलेल्या क्रमाने येतं, हे त्यांनी दाखवलं. काही भाग जन्माच्या सुमारास तयार असतात, काहींचं काम तारुण्यात पदार्पण केल्यावरही चालू असतं.

पण हे आवरण बनवतं कोण? तंतू स्वतः की शेजारची पेशी? उत्तरासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९५४ साली अमेरिकेत बेटी गेरेन या संशोधिकेने कोंबडीच्या गर्भातल्या नसा पाहून सांगितलं की श्वान पेशीच तंतूभोवती स्वतःला गुंडाळत जाते. आपण पागोट्याचे वेढे घेतो ना, तसंच. म्हणजे मायलिन हे शेजारणीचं अंग आहे. त्याचा उपयोग काय, तेही तोवर कळलं होतं. १९४९ मध्ये हक्सले आणि श्टेम्प्फ्ली यांनी दाखवलं की आवरण असलेल्या तंतूत संदेश एका खंडावरून पुढच्या खंडावर उडी मारत जातो. उघड्या बारीक तंतूत संदेश सेकंदाला साधारण १ मीटर सरकतो. जाड, आवरणयुक्त तंतूत १०० मीटरपर्यंत पोहोचतो. ज्या बारीक तंतूंना मायलिन नसतं, त्यांनाही श्वान पेशी कुशीत घेऊन सांभाळतात. वेदना आणि उष्णता सांगणारे बरेच तंतू याच बारीक जातीचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. तेव्हा गुरुचरित्रातली नरहरी ब्राह्मणाची कथा इथे कोणाला सांगायला नको. कुष्ठ झालेला, लोकांनी दूर केलेला माणूस वाळक्या लाकडाला श्रद्धेने पाणी घालत राहतो. कथा श्रद्धेची आहे, तिच्याकडे तसंच पाहावं. शिवाय त्या काळी ‘कुष्ठ’ या एका शब्दात त्वचेचे कितीतरी विकार येत. पण रोगी माणसाला समाज कसा वागवत होता, याची नोंद तिच्यात आहे. पूर्वजन्मीचं पाप अंगावर उमटलं, असं लोक मानत. दुसरीकडे, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी कुष्ठाच्या लक्षणांत ‘स्पर्श न कळणं’ हे लक्षण नोंदवून ठेवलं होतं. निरीक्षण नेमकं होतं. पण कारण हाती लागलं नव्हतं.

१८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. आता पापाची कल्पना मागे पडेल असं वाटावं, नाही का? झालं उलटंच. पापाची जागा भयाने घेतली. १८९०–९१ मध्ये भारतात आलेल्या कुष्ठरोग आयोगाने संसर्गाचा धोका अगदी थोडा असल्याचं मत दिलं. तरी १८९८ मध्ये कायदा झाला, आणि कुष्ठरोगी भिकाऱ्यांना पकडून कोंडून ठेवण्याची मुभा मिळाली. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येई. ती तरतूद २०१९ मध्ये गेली. म्हणजे आम्हा व्याख्यानं देणाऱ्यांच्या हयातीतली गोष्ट आहे ही!

जंतू शरीरात शिरून जातो कुठे? त्याला थंड जागा मानवते. म्हणून त्वचा, आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा, उदाहरणार्थ कोपराच्या मागची. तिथे तो मुक्काम करतो श्वान पेशीत. म्हणजे ज्या शेजारणीने तंतूला कुशीत घ्यायचं, तिच्याच घरात. त्याची वाढ इतकी संथ की दुप्पट व्हायला दोनेक आठवडे लागतात. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एक फिकट किंवा लालसर चट्टा येतो. त्यावर खाज नाही, दुखणं नाही. आणि दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही.

पुढचं पॉल ब्रँड यांनी १९४७ नंतर वेल्लोरला काम करताना नीट ओळखलं. या रोगात बोटं ‘झडतात’ असं लोक म्हणत. प्रत्यक्षात हात सुन्न असल्यामुळे तव्याचा चटका, विडीचं निखारं, पायातला काटा कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि बोट जातं. वेदना हा आपला पहारेकरी आहे. तो झोपला की घर लुटलं जातं.

मुंबईत हे काम डॉ. नोशीर अंतिया यांनी पुढे नेलं. ते प्लास्टिक सर्जन. वाकडे झालेले हात, बसलेली नाकं त्यांनी शस्त्रक्रियेने सुधारली. पण नस बिघडते कशी, हे कळल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही हे ओळखून त्यांनी ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ ही संस्था उभी केली. तिथे वनजा शेट्टी यांनी रुग्णांच्या नसांचे सूक्ष्म छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं तपासले. १९८८ मध्ये शेट्टी, अंतिया आणि लंडनच्या जीन जेकब्ज यांनी रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखवलं की आतला तंतू रोडावतो आणि त्यामागून रांव्हिएच्या खंडांजवळचं मायलिन सुटू लागतं. २००२ मध्ये अनुरा रंबुक्कना यांच्या गटाने प्रयोगातून सांगितलं की जंतू चिकटल्यानेच मायलिन सुटू शकतं. २०१७ मध्ये झेब्रा माशांवरच्या कामातून ललिता रामकृष्णन यांच्या गटाने बोट दाखवलं ते आपल्याच संरक्षक पेशींकडे. आधी तंतू की आधी आवरण, हा वाद अजून चालू आहे. पण दोघांपैकी एक बिघडला की दुसऱ्याचं नीट चालत नाही, याबद्दल आता कोणाचं दुमत नाही.

विदर्भात हीच गोष्ट काही माणसांनी दुसऱ्या वाटेने ओळखली. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवनात, बाबा आमट्यांनी वरोऱ्याला १९४९ पासून रुग्णांना आसरा आणि काम दिलं. तर १९५१ मध्ये सुरू झालेल्या वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वारदेकरांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. रुग्ण येण्याची वाट न पाहता घरोघर जाऊन चट्टा शोधायचा. नस जाण्याआधी पोहोचायचं. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर तंतू आणि आवरण शाबूत असताना.

कारण औषधाची मर्यादा इथेच आहे. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधं सहा ते बारा महिन्यांत जंतूचा नायनाट करतात. रुग्ण थोड्याच काळात संसर्गजन्य राहत नाही. पण मेलेली नस औषधाने परत येईलच असं नाही. हातापायांतले तंतू आवरणाची वाट शाबूत असेल तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढू शकतात. वाट मोडली असेल तर भरकटतात.

२००५ च्या अखेरीस देशपातळीवर ‘निर्मूलन’ साधल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. रोग संपला असा नाही. आजही भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. म्हणून घरात, शेतावर, शेजारात कोणाच्या अंगावर सुन्न चट्टा दिसला, हातापायाला मुंग्या येऊ लागल्या, पायातली चप्पल निसटली तरी कळेना, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. औषध फुकट आहे. आणि त्याच्यासोबत कोणीतरी जा, एकट्याला पाठवू नका. लाजेपोटी तो वाटेतून परत फिरू शकतो, आणि तेवढ्या उशिरात नस जाते.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.